डब्यावर नाव एक, आत कोळी दुसराच

बालाघाट : मोठा केसाळ कोळी दिसला की बालाघाटात 'मकडी' म्हणून सोडून देतात. मोठ्या शहरांत मात्र असे कोळी हौसेनं पाळले जातात. त्यांना म्हणतात टॅरंट्युला, आणि डब्यावर लॅटिन नावाची चिठ्ठी असते. ती चिठ्ठी कितपत खरी, इथेच घोळ आहे.

मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी घ्या. तो 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी' म्हणून जगभर विकला गेला. 2017 मध्ये मेंडोझा आणि फ्रँके या संशोधकांनी हा वंश नव्यानं तपासला, तेव्हा बाजारातले बरेचसे 'स्मिथी' खरं तर 'हॅमोरी' निघाले. विकणारे दर वेळी लबाडच असतात असं नाही. पिल्लं नखाएवढी असतात, एकासारखी एक दिसतात, आणि रंग कात टाकत टाकत बदलतो. पक्की ओळख जननेंद्रियांवरून, तीही सूक्ष्मदर्शकाखाली. मादीची टाकलेली कात जपून ठेवली तर तिच्यावरूनही बरंच कळतं, पण एवढी खटपट करतो कोण?

गावाचं नावही फसवतं. आंध्रातला निळाशार कोळी 1899 मध्ये पोकॉकनं गुटीच्या रेल्वे लाकूड डेपोतल्या नमुन्यावरून नोंदवला. बाजारात तो आजही 'गुटी'चाच. त्याचं जंगल मात्र तिथून दूर, नंद्याल-गिद्दलूर भागात आहे. गुटीला तो लाकडांसोबत आला असावा. आज तो अतिसंकटग्रस्त आहे.

नावावर कायदाही अवलंबून. ब्रॅकिपेल्मा आणि भारत-श्रीलंकेतला अख्खा पोइसिलोथेरिया वंश साइटिस करारात आहे (दुसरा 2019 पासून). परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार चालत नाही. म्हणजे चिठ्ठी चुकली तर परवाना भलत्याच जिवाचा. जुलै 2021 मध्ये चेन्नई कस्टम्सनं पोलंडहून आलेल्या पार्सलमधून 107 जिवंत कोळी पकडले. तेव्हाही तज्ज्ञांना बोलवावं लागलं, आणि बातम्यांत नावं आली ती वंशापुरतीच.

कान्हाच्या जंगलातून तर कोळीच काय, काहीही उचलणं गुन्हा. शेतात-घरात दिसला तर हात न लावता फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र जबलपूरलाच आहे. फोटोत पायांची खालची बाजू आली तर उत्तम. पोइसिलोथेरियाच्या प्रजाती वेगळ्या करताना तिथलेच पट्टे आधी बघतात.