भास, भूत आणि फोटो

वैशाखातल्या भर दुपारी भोकरदनहून मिरची बाजाराच्या पिंपळगाव रेणुकाईला निघालं, की पुढे डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकतं. जवळ जावं, तर ते तेवढंच पुढे सरकतं. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, वरून येणारा उजेड तिच्यात वळून आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आभाळाचा तुकडा रस्त्यावर पसरलेला दिसतो.

त्याला आपण मृगजळ म्हणतो. तहानलेलं हरीण ज्याच्यामागे धावतं, ते पाणी. इंग्रजीतला ‘मिराज’ हा शब्द फ्रेंचातून आला. त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘मिरारी’, नवलाने पाहणं. ‘मिरर’ आणि ‘मिरॅकल’, म्हणजे आरसा आणि चमत्कार, त्याचेच भाऊबंद. 1798 साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने वाळवंटातल्या या पाण्याचं कोडं उलगडलं. एकाच दृश्यात आपल्याला तहान दिसली, फ्रेंचांना आरसा!

मृगजळ हा डोळ्यांचा भास, आणि भास म्हटला की भूतही आलंच. पिंपळगावच्या तर नावातच पिंपळ आहे, आणि पिंपळावर मुंजा असतो हे लहानपणी कुणी ऐकलं नाही? मुंज झाली, पण लग्नाआधीच जो गेला, तो मुंजा. त्याच्या नावात त्याची अपुरी राहिलेली गोष्ट आहे. भुतांची इंग्रजी नावं मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यांतून जन्मलेली. ‘अ‍ॅपॅरिशन’ म्हणजे जे प्रकट झालं ते. ‘स्पेक्टर’ आला ‘पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूतून. चष्म्याचा ‘स्पेक्टॅकल्स’ही तिथलाच, आणि संस्कृतातलं ‘पश्यति’ त्यांचं सख्खं नातलग.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात मांडलं. या घराण्यात संस्कृतात जिथे ‘भ’, तिथे ग्रीकात बहुधा ‘फ’ येतो. आपला भ्राता तिकडे ‘फ्रातेर’ होतो. आता भुताचं आणखी एक इंग्रजी नाव, ‘फँटम’, ऐका. ग्रीक ‘फाइनेइन’, उजेडात आणणं, यातून तो आला. त्याचा संस्कृत जोडीदार ‘भा’, म्हणजे प्रकाशणं. आभा, प्रभा, भानू त्याचेच, आणि भासही! अंधारात दचकवणाऱ्या शब्दाचं मूळ लख्ख उजेडात निघावं, याचं मला अजून नवल वाटतं.

भुताची कथाही तशीच. ‘भू’ म्हणजे होणं. होऊन गेलं ते भूत. याच मुळातून ग्रीक ‘फिसिस’, म्हणजे निसर्ग, आणि त्यावरून ‘फिजिक्स’. आपणही त्या विद्येला भौतिकशास्त्रच म्हणतो. भूत तिथेही आहेच.

पुढच्या उन्हाळ्यात पिंपळगावच्या त्या रस्त्यावर थांबून मृगजळाचा फोटो काढा. तो खरंच निघतो, कारण उजेड खरा असतो. चुकतो तो फक्त आपला ठावठिकाण्याचा अंदाज. आणि ‘फोटो’ हा शब्द? ग्रीक ‘फोस’, उजेड. तोही त्याच ‘भा’च्या घरचा. म्हणजे त्या क्षणी एक भावंड दुसऱ्याला टिपत असतं.