प्रशिक्षण मिळाले, मुभा कुठे आहे?

गोंदिया शहराला खेटून असलेल्या मुर्रीसारख्या गावात जिल्हा परिषद शाळा चालवणाऱ्याला प्रशिक्षणाची वानवा नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या सुमारे 42 लाख शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी ‘निष्ठा’ हे प्रशिक्षण सुरू केले. शालेय नेतृत्व हा त्यातला एक विषय. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली.

शिकलेले वापरायचे कुणी, हा प्रश्न पदापासूनच सुरू होतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 150 च्या वर गेला तर मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी हा आकडा 100. पट कमी असला की एखादे ज्येष्ठ गुरुजी किंवा बाई ‘प्रभारी’ होतात. वर्ग त्यांचाच, पोषण आहाराची नोंद त्यांचीच, ‘तात्काळ’ शेरा मारलेली ऑनलाइन माहितीही त्यांनीच भरायची. सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसून त्याचे शिकवणे पाहावे, मग त्याच्याशी बोलावे, हे प्रशिक्षणात शिकवतात. पण तेवढा वेळ स्वतःचा वर्ग कुणावर सोपवायचा? याच कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांना जुंपू नये असे सांगते. ते वाचायला छान वाटते.

व्यवस्थापनशास्त्रात हा पेच जुना आहे. बाल्डविन आणि फोर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी 1988 मध्ये मांडले, की प्रशिक्षणात शिकलेले कामात उतरणे तीन गोष्टींवर ठरते: शिकणारा माणूस, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या जागेचे वातावरण. आपल्याकडे पहिल्या दोहोंवर खर्च होतो. तिसरे परिपत्रकांच्या हवाली.

गोंदियाच्या शेजारच्या मध्य प्रदेशात याची मोठी परीक्षा झाली. तिथे शाळांचे मूल्यमापन करून सुधारणा आराखडे बनवण्याचा कार्यक्रम राबवला गेला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो तपासला. 2020 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: आराखडे तयार झाले, पण शाळेचा कारभार, शिक्षकांची हजेरी किंवा मुलांचे शिकणे यांत फरक पडला नाही. अधिकाऱ्यांच्या लेखी कार्यक्रम म्हणजे कागद पूर्ण करणे, मग शाळेनेही तेच केले. तरीही तो पुढे आणखी हजारो शाळांत नेला गेला!

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये मात्र उलटे घडले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांसोबत वर्गातच ज्ञानरचनावादी पद्धती रुजवली. राज्यभरातले शिक्षक ती पाहायला गेले. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाला त्या अनुभवाचा आधार होता. तिथे वरिष्ठ केवळ तपासायला येत नव्हते, सोबत शिकवायला बसत होते. प्रशिक्षणाच्या दिवसांपेक्षा हा फरक मोठा ठरला, असे मानायला जागा आहे.

पैशांबाबतही मुख्याध्यापकाची मुभा अशीच मर्यादित. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजारांचे संयुक्त अनुदान, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करावा असे कायदा म्हणतो. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत. म्हणजे पालकांना सोबत घेऊन प्राधान्य ठरवण्याचे कौशल्य मुख्याध्यापकाला इथे खरोखर वापरता येते. शिक्षकाची बदली वा रिक्त जागा यांचा निर्णय मात्र त्या समितीपुढे कधीच येत नाही.