निळं साळिंदर

भाचीने टॅबलेट पुढ्यात धरला आणि मी आधी तिच्या चित्रातल्या सॉनिकचे बूट बघितले. लाल, जुनाट, पुढून फाटायला आलेले. "मामा, सगळे आधी डोळे बघतात रे," ती हिरमुसली.

सॉनिकच्या बाबतीत तिचं खरं आहे. १९९१ मध्ये सेगाच्या व्हिडिओ गेमसाठी नाओतो ओशिमाने काढलेल्या सॉनिकला दोन वेगळे डोळे नव्हतेच. गॉगलसारखा जोडलेला एकच पांढरा आकार, त्यात दोन बुबुळं. चित्रात हे खपून जातं. पण अंगावर खऱ्यासारखी लव चढवून शेजारी हाडामांसाची माणसं उभी केल्यावर सॉनिकच्या सिनेमावाल्यांना धीर झाला नसावा. २०१९ च्या एप्रिलअखेरच्या ट्रेलरमध्ये डोळे सुटे आणि बारीक झाले, हातमोजे गेले, तोंडात चक्क माणसाचे दात आले. लोक असे तुटून पडले की दोन दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलरने रूप बदलायचं कबूल केलं. नोव्हेंबरात लागणारा सिनेमा १४ फेब्रुवारी २०२० वर गेला. चाहते मात्र तोवर थांबले नव्हते. ट्रेलरमधल्याच चौकटींवर त्यांनी आपापला सॉनिक रंगवून दाखवला. पुढे नव्या रूपाची धुरा टायसन हेसेकडे आली. तो सॉनिकच्या कॉमिक्समधला चित्रकार, 'सॉनिक मेनिया'चं २०१७ चं सुरुवातीचं अॅनिमेशनही त्याचंच.

भाचीने चित्रासाठी निवडलाय त्याच सिनेमातला बेसबॉलचा प्रसंग. रात्रीच्या मैदानावर सॉनिक एकटाच सगळ्यांच्या जागी धावून अख्खा सामना खेळतो, आणि जिंकल्यावर टाळी द्यायला कोणीच नसतं. तिचा सॉनिक सामन्यानंतर मातीत बसलाय.

डोक्यावरचे काटे ती मनगटाने काढत नाही. खांदा हलतो, आणि मुळापासून टोकापर्यंत एकच रेघ जाते. सावकाश काढली तर थरथरते. म्हणून भर्रकन ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची. एका काट्याला मी नऊ वेळा मोजलं, मग नाद सोडला. लव तिने अंगभर काढलेलीच नाही. कोपर आणि गाल, जिथे मैदानावरच्या दिव्यांचा उजेड घासून जातो, तिथेच चार-चार केस. बाकी सपाट निळा. मला हे फार आवडलं. केस न् केस काढणारे मेहनती असतात, पण त्यांची चित्रं गालिच्यासारखी दिसतात. सावलीत काळा नाही, जांभळा. डाव्या पापणीवर मात्र ती अर्धा तास अडली होती. जरा खाली आली की तो पेंगतोय असं वाटतं, वर गेली की रागावलाय.

दंडावर माझी नजर थांबली. तो गव्हाळ होता.

"सिनेमात हात निळे आहेत ना?"

"माहितेय. हा खेळातला आहे, सिनेमात जाऊन बसलेला."

आई डोकावून म्हणाली, "साळिंदर छान जमलंय." सॉनिक खरं तर हेजहॉग, पण हेजहॉगला रोजच्या बोलण्यात मराठी शब्द नाही, त्यामुळे आम्ही दोघंही गप्प बसलो.

"आणि बूट?" मी विचारलं.

"नवे बूट त्याला सिनेमातली छोटी जोजो देते, पण ते नंतर," ती म्हणाली, आणि डाव्या बुटाचा तळवा आणखी थोडा उसवला.