*नाव बदललं, औषध तेच!*



या आठवड्यात शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडून एकच फोन येतोय: "भेंडीवर तीन वेगवेगळी औषधं मारली, तरी पांढरी माशी हटत नाही." बाटल्यांचे फोटो मागवले. कंपन्या तीन, पण आत इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम आणि ॲसिटामिप्रिड. तिन्ही एकाच घराण्यातली!

*किडीच्या अंगात काय होतं?*
एका नसेचा निरोप दुसऱ्या नसेकडे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन नेतं. पुढच्या नसेवर ते पकडणारे ग्राही असतात. ग्राही म्हणजे कुलूप, रसायन म्हणजे चावी. चावी लागली की नस जागी होते, आणि लगेच एक एन्झाइम ती चावी मोडून टाकतं. ही तीन औषधं म्हणजे डुप्लिकेट चाव्या. कुलपात बसतात, पण एन्झाइमला मोडता येत नाहीत. कीड थरथरते, लुळी पडते, मरते.

*मग मरत का नाही?*
काही माशा औषध पचवतात, काहींचं कुलूपच थोडं वेगळं असतं. वाचतात त्याच, आणि पुढची पिल्लंही तशीच. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते. त्याच घराण्यातली तिसरी बाटली मारून पैसे जातात, फळावर अंश राहतो आणि हळद्या पसरतच राहतो.

*काय करायचं?*
१) मोठं नाव नको, लेबलवरचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा.
२) पुढची फवारणी दुसऱ्या घराण्याची. उदा. पायरीप्रॉक्सीफेन माशीच्या वाढीवर काम करतं, डायफेनथायुरॉन पेशीतल्या ऊर्जेवर. लेबलवर भेंडी लिहिलेली असेल तरच घ्या.
३) हळद्याची झाडं उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा, सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क मारा.
४) फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं, ते लेबलवर असतं. ते पाळा.

*⚠️ स्वतःला जपा*
प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही औषधं चावी मोडणाऱ्या एन्झाइमलाच बंद पाडतात. तेच एन्झाइम आपल्याही अंगात आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे हवेतच. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दोन औषधं मनाने मिसळू नका.

खूप घाम, लाळ, अंधुक दिसणं, दम लागणं, असं काही झालं तर काम थांबवा. कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. घरगुती उपायात वेळ घालवू नका. *बाटली सोबत न्या.* या घराण्याच्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपीन देतात. ते आपल्या ग्राहींवर झाकण घालतं. पण आत काय होतं, हे त्यांना आधी कळायला हवं.

औषध घेण्याआधी लेबलचा फोटो पाठवा. सांगतो.

– आपला कृषी सल्लागार