रहस्यकथा, ऐतिहासिक (वसाहतकालीन मुंबई)

गतकाळातील एखाद्या कालखंडात घडलेल्या कल्पित गुन्ह्याचा छडा सांगणारा, रहस्यकथेचा एक उपप्रकार. रहस्य व इतिहास या दोहोंचे दुवे त्यात परस्परांवर अवलंबून असतात : पुरावा, साक्ष व तपासाची पद्धती ही त्या काळाशी सुसंगत असावी लागतात. ॲगाथा ख्रिस्तीची प्राचीन ईजिप्तमधील कादंबरी (१९४४), एलिस पीटर्सची कॅडफेल या मध्ययुगीन साधूवरील कथामालिका (१९७७ पासून) आणि उंबेर्तो एकोची द नेम ऑफ द रोझ (१९८०) ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे होत. मराठीत बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या झुंजार, काळापहाड या नायकांच्या कथा लोकप्रिय झाल्या. मात्र त्या समकालीन जीवनावरील असल्याने या प्रकारात मोडत नाहीत.

वसाहतकालीन मुंबई ही या प्रकारास विशेष अनुकूल ठरली. एकाच शहरात अनेक धर्मसमाज, प्रत्येकाचा विवाह व वारसा यांविषयीचा वेगळा कायदा आणि वर परकी सत्ता, अशी ही रचना होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या सुजाता मॅसी यांच्या कथामालिकेची नायिका परवीन मिस्त्री ही पारशी वकील आहे. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) व मुंबई उच्च न्यायालयातील आद्य स्त्री-वकील मिठन टाटा लाम (१८९८–१९८१) यांच्या चरित्रांवरून ही व्यक्तिरेखा सुचली. द विडोज ऑफ मलबार हिल (२०१८) मध्ये पडदानशीन मुस्लिम विधवांपर्यंत पुरुष वकील पोहोचू शकत नाही. परवीन स्त्री असल्यानेच तपास शक्य होतो. १८६५ च्या पारशी विवाहविषयक कायद्यामुळे खुद्द तिला मात्र घटस्फोट मिळत नाही. नेव्ह मार्च यांच्या मर्डर इन ओल्ड बॉम्बे (२०२०) या कादंबरीस १८९१ साली राजाबाई मनोऱ्यावरून पडून झालेल्या दोन पारशी तरुणींच्या मृत्यूचा आधार आहे.

मॅसी यांच्या द बॉम्बे प्रिन्स (२०२१) ची पार्श्वभूमी १७ नोव्हेंबर १९२१ ची आहे. त्या दिवशी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. स्वागतास गेलेल्या पारशी, ख्रिस्ती इत्यादींवर बहिष्कारवादी जमावाने हल्ले केले, प्रतिहल्लेही झाले. दंगलीत पन्नासाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले व महात्मा गांधींनी उपोषण केले. अबीर मुखर्जी यांच्या द शॅडोज ऑफ मेन (२०२१) मध्ये १९२३ साली कलकत्त्यात एका हिंदू धर्मपंडिताचा खून होतो. दंगल भडकण्यापूर्वी सत्य शोधणे आवश्यक ठरते व तपासाचा माग मुंबईपर्यंत येतो.

दंगलीत दोष संपूर्ण समाजावर ठेवला जातो. रहस्यकथेच्या तर्काला मात्र नाव असलेली एक अपराधी व्यक्ती लागते. या विरोधातच या प्रकाराचे नैतिक मूल्य आहे. उलटपक्षी, अपराधी हा आपल्या समाजाचा नमुना म्हणून रंगविला, तर कथा पूर्वग्रहासच पुष्टी देते. शिवाय कल्पित खुनाची उकल झाली, तरी इतिहासातील दंगलीची कारणे तेवढ्याने उलगडत नाहीत. ही मर्यादा ओळखून केलेले लेखनच ऐतिहासिक रहस्यकथा म्हणून टिकाऊ ठरते.