लाईट परत येते तेव्हा

वळवाचे दिवस आले की तालुक्याच्या गावात दुपारी चारच्या पुढे वारं सुटतं आणि लाईट जाते. पतसंस्थेची नेमकी तीच गर्दीची वेळ. पिग्मी एजंट दिवसभराची वसुली घेऊन येतात, कॅश जुळवायची असते, डे-एंड बाकी असतो. अशा संस्थांच्या कॉम्प्युटरची देखभाल हे माझं काम.

पंखा थांबतो, टेबलाखालचे यूपीएस वाजू लागतात. काउंटरवरच्या मॅडम मान वर न करता हातातलं व्हाउचर पूर्ण करतात, सेव्ह करतात आणि नवं घेत नाहीत. "काका, पासबुक लाईट आल्यावर भरून देते." काका कुरकुरतात. मॅडमचं बरोबर असतं.

600 व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. गुणाकार 84 वॅट-अवर येतो, पण इतक्या झपाट्याने उपसली की त्यातलं बरंचसं हाती लागत नाही. नव्या बॅटरीवर एक कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी कधीकधी दोन मिनिटांतच मान टाकते. हा वेळ काम उरकायला नसतो, आवरायला असतो. त्यातच कुणी लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला असला तर बघायलाच नको. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा रोलर तापताना शेकडो वॅट खेचतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

आधी काउंटर बंद, सर्व्हर सगळ्यात शेवटी. डेटाबेस प्रत्येक नोंद आधी लॉगमध्ये उतरवतो, त्यामुळे अर्धवट राहिलेला व्यवहार पुढच्या वेळी तो स्वतःच रद्द करतो. पण डिस्कने 'लिहिलं' म्हणून कळवलेलं कधीकधी तिच्या कॅश मेमरीतच अडकलेलं असतं. खुद्द डिस्क मात्र हुशार. वीज तुटली तरी तबकड्या फिरत असतात. तीच मोटर क्षणभर जनरेटर होते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी सरकतं. या युक्तीचं मला अजून कौतुक वाटतं. फक्त तिने डिस्क वाचते, हिशेब नव्हे.

खरी भीती लाईट येण्याची. दोष निघाला का हे बघायला फिडर चालू करतात, तो पुन्हा ट्रिप होतो. शिवाय गावातल्या मोटारी, फ्रिज, पंखे एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं. म्हणून कॉम्प्युटरच्या लाईनचा एमसीबी आम्ही खाली पाडून ठेवतो आणि एक बल्ब तेवढा चालू. तो काही मिनिटं न फडफडता जळला की शिपाई सांगतात, "आता करा." वीज येताच मशीन आपोआप सुरू होण्याची बायोसमधली सेटिंगही मी बंदच ठेवतो. ती सोय ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांना लखलाभ.

मग नेटवर्कचा स्विच, त्यानंतर सर्व्हर, डेटाबेस पूर्ण उभा राहिल्यावर काउंटर. मॅडमना लगेच लॉगिन करायचं असतं, मी थांबवतो. पहिलं काम, शेवटची व्हाउचरं कागदाशी ताडून बघणं. कागदावर आहे आणि मशीनमध्ये नाही, ते लगेच सापडतं. डोकेदुखी उलट्या प्रकाराची असते: सेव्ह झालंच नसेल असं समजून घाईने दुसऱ्यांदा टाकलेली नोंद. ती कॅश जुळवताना निघते, आणि तीही दोन सारख्या रकमा एकाच खात्यावर कुणाच्या नजरेला पडल्या तर.