परदेशातली मावशी

परमुलखात गेलेल्या मुलीला आधी काय हवे असते? विद्या, पैसा यांच्याही आधी मायेचे एक माणूस हवे असते, असे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचताना आम्हांस नेहमी वाटते.

पत्नीला शिकविण्यासाठी गोपाळराव जोश्यांनी अमेरिकेत पत्र लिहिले, तेव्हा धर्मांतर करीत असाल तर साहाय्य करू, असे उत्तर मिळाले. तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेलच्या सौ. कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती लागला. या बाईंनी कोणतीही अट न घालता पत्र धाडले आणि एकमेकींना न पाहताच दोघींचा स्नेह जडला. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांच्यासाठी हक्काचे घर आधीच उघडे होते.

हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. त्यांनी तो शब्द पाळला. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयात १८८५ साली काढलेल्या एका छायाचित्रात जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लाम्बुली यांच्यासमवेत त्या बसल्या आहेत. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा वेष आहे. पदवीच्या प्रबंधासाठीही त्यांनी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा विषय निवडला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या.

पुढे वर्षही सरले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा मावशीकडे पाठविण्यात आली आणि पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली.

आम्हां माळव्यातील मराठी मंडळींचे पूर्वजही एके काळी येथे परकेच होते. आज आमच्या आळीत दूरच्या प्रांतांतून मुली शिकावयास येतात. त्यांची भाषा निराळी, डब्यातले जेवण निराळे. वाचकभगिनींनो, येत्या सणाला त्यांतल्या एकीला पानावर बोलवा, आणि तिच्या घरी तो सण कसा करतात, तेही तिला विचारा.